दुपारी आलेला कोल्हा

“पाय दाखव बघू,” टिपणीसबाई म्हणाल्या.

दाराला साखळी लावलेली होती आणि फटीतून त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. दुपारी कुणालाही घरात घ्यायचं नाही अशी आईची सक्त ताकीद होती. त्यातून या तर टिपणीसबाई.

“कुठला पाय?”

“ज्याच्यावर मोजा ओढून बसलीयस तो. शाळेतून येऊन किती वेळ झाला, अजून मोजे कसे पायात?”

“थंडी वाजतेय.”

“एवढ्या उकाड्यात?” त्यांनी फटीतून चष्मा पुढे आणला. “मी गॅलरीतून पाहिलंय, वैजू. तो चावलाय तुला.”

“नाही चावला. नुसतं हुंगलं.”

मी दार लावून घेतलं. बाहेरून त्यांचा आवाज आला, “अगं, निदान साबण लावून धू तरी! नळाखाली धर पाय, बराच वेळ धर!” कडी वाजली, पुन्हा वाजली. मी उघडलं नाही. पण पोटरी चुरचुरत होती, म्हणून मोरीत जाऊन पाय मात्र धुतला. नळाचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा. कारण त्यानंतर कडी वाजायची थांबली आणि जिन्याच्या पायरीवर कुणीतरी जड अंगाने बसल्याचा आवाज आला.

तेव्हा मी तिसरीत होते. भांडुपच्या पूर्वेला, वस्ती संपून खाडीचं खाजण सुरू होतं तिथे आमची इमारत होती, कॉलनीतली अगदी शेवटची. मागे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे चिखल, त्यात तिवरांची दाट झाडं आणि त्यांच्याही पलीकडे मिठागरं. बाबा नाशिकला छापखान्यात होते, शनिवारी रात्री यायचे. आई टेलिफोन खात्यात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत घरात मी एकटी. गळ्यात किल्ली.

एकटी म्हणजे तशी एकटी नव्हते. मला तांबू होता.

तिवरांत कोल्हे होते हे कॉलनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिवे लागायच्या सुमाराला एक सुरुवात करायचा आणि मग सगळी टोळी गळे काढायची. जवळून मात्र ते फारसे कुणी पाहिलेले नव्हते. भिंतीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला एक भोक ठेवलेलं होतं. त्यातून ते आत यायचे, कचराकुंडीपाशी टाकलेली माशांची डोकी उचलायचे आणि निघून जायचे. पहिल्या मजल्यावरच्या नायरांची अंगणात सोडलेली कोंबडी नेली ती त्यांनीच. दाराबाहेरच्या चपला पळवायचे तेही तेच. एकेक चप्पल नेत, जोडी कधीच नाही. खायला नव्हे, नुसती चावून टाकायला. त्यावरून कॉलनीतले पुरुष अधूनमधून एकत्र जमून ‘एकदा पिंजरा लावून निकाल लावला पाहिजे’ असं म्हणायचे आणि मग पत्ते खेळायला बसायचे.

त्यातला एक तांबूस पाठीचा, उजवा कान फाटलेला. तोच तांबू. पावसाळा संपल्यापासून मी त्याच्यासाठी भिंतीपाशी पोळीचा तुकडा ठेवत होते. संध्याकाळ होत आली की तो भोकातून डोकं काढायचा आणि आधी मला बघायचा. मी मागच्या पायरीवर बसलेली असायचे. मी नुसता हात हलवला तरी तो गायब. मी दगडासारखी बसून राहिले, तर पुढे यायचा, तुकडा उचलायचा, परत जाताना भोकापाशी थांबून एकदा मान वळवायचा. त्या मान वळवण्यासाठी मी दिवसभर वाट बघत असे. शाळेत माझी कुणाशी फारशी मैत्री नव्हती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की एक ना एक दिवस हा मला भ्यायचा थांबेल.

आणि त्या दिवशी तो थांबला.

शाळेतून आले, दप्तर टाकलं आणि मागच्या दारी गेले तर भर उन्हात तो अंगणात उभा. संध्याकाळ व्हायला अजून कितीतरी वेळ होता. मला पाहून तो पळाला नाही. कानसुद्धा टवकारला नाही. सरळ माझ्याच दिशेने चालत आला, जरा तिरपा तिरपा, मागचे पाय ओढल्यासारखे. तोंड उघडं. मला वाटलं, तहान लागली असेल. मी आनंदाने खाली बसले, खिशातलं बिस्किट काढून तळहातावर धरलं.

त्याने बिस्किटाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचे डोळे माझ्याकडे होते, पण मी त्याला दिसत नव्हते. तो माझ्या अंगावर आला, पोटरीला त्याचे दात लागले, मी ओरडले आणि तो तसाच, काहीच घडलं नसल्यासारखा, पुढे भिंतीकडे निघून गेला.

रक्त फार आलं नव्हतं. मी मोजा वर ओढला. मनात एवढंच होतं की हे कुणाला कळलं तर पिंजरा येईल.

वर नजर गेली तर गॅलरीत टिपणीसबाई उभ्या होत्या.

या बाई आमच्या डोक्यावरच्याच घरात राहायच्या. एकट्या. कोर्टात टायपिस्ट होत्या, तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. आमचं त्यांच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं. त्यांच्या मोरीतलं पाणी झिरपून आमच्या छताला ओल आली होती. आईने सांगितलं तर त्या म्हणाल्या, पाणी माझ्याकडचं नाही. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. मुलांचा चेंडू त्यांच्या गॅलरीत गेला तर तो परत मिळत नसे. त्यामुळे त्या माझ्या भल्यासाठी दारात उभ्या असतील, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

आई दिवेलागणीला आली. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. जिन्यातच टिपणीसबाईंनी तिला गाठलं.

“सकपाळबाई, तुमच्या मुलीला कोल्हा चावलाय.”

“काय?”

“दुपारी. मागच्या अंगणात. मी डोळ्यांनी पाहिलं.”

आईने मला दिव्याखाली ओढलं, मोजा खाली केला. दोन बारीक खुणा, त्यांच्याखाली एक ओरखडा. धुतल्यामुळे सगळं अगदीच किरकोळ दिसत होतं.

“सायकलचं पेडल लागलं,” मी म्हणाले. “शेजारच्या आरतीच्या सायकलचं.”

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी डोळे खाली केले नाहीत.

“टिपणीसबाई, माझी मुलगी खोटं बोलत नाही.”

“आज बोलतेय.”

आईचा चेहरा लाल झाला. “तुमच्या मोरीतलं पाणी वर्षभर तुम्हाला दिसत नाही. आणि माझ्या मुलीच्या पायावरची खूण मात्र गॅलरीतून दिसते!”

मला वाटलं, आता टिपणीसबाई जोरात भांडतील. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. हिशेब न जुळलेल्या माणसासारख्या. मग वळून जिना चढून गेल्या.

रात्री झोपायच्या आधी आईने मला पुन्हा विचारलं, “नक्की पेडल ना गं?” मी हो म्हटलं.

सकाळी आई दूध आणायला केंद्रावर गेली होती. मी गणवेश घालून जिन्याच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होते. वरून टिपणीसबाई उतरल्या. डाव्या हाताला, मनगटाच्या वर, रुमाल बांधलेला. त्या माझ्या शेजारी, त्याच पायरीवर बसल्या. त्यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा वास येत होता.

“माझं तुझ्याकडे एक काम आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी त्यांच्या हातावरच्या रुमालाकडे बघितलं.

“काल तुझी आई रागावली, त्यानंतर मी कचरा टाकायला मागे गेले. तो तिथेच होता. भिंतीपाशी. मला चावला.”

“खोटं.”

त्यांनी रुमाल सोडला. हातावर ओळीने लालभडक ओरखडे होते, कडेला रक्त सुकलेलं. माझ्या खुणांपेक्षा कितीतरी वाईट.

“दुखतं?” मी विचारलं.

“दुखतं तर. तुझं?”

मी नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“रात्री ठणकत होतं,” मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. पण त्यांनी ‘बघ, सापडलीस’ असं काही म्हटलं नाही. नुसती मान हलवली, जशी एखादी मैत्रीण हलवेल.

“तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.”

“नका सांगू. तांबूला मारतील.”

“तांबू नाव आहे होय त्याचं?” त्या म्हणाल्या. “मारणार नाहीत असं मी तुला सांगू शकत नाही, वैजू. ते माझ्या हातात नाही. पण तो आजारी आहे, खूप आजारी. एरवी तू नुसता हात हलवलास तरी पळतो ना? मी बघते की रोज वरून. तसला प्राणी भर दुपारी माणसाच्या अंगावर चालून येईल का? तो तुझ्याकडे आला नव्हता, बाळ. त्याला काही कळतच नव्हतं.”

तेव्हा मला रडू आलं. चावल्याचं आलं नव्हतं, खोटं बोलल्याचंही नाही. तो माझ्याकडे आलाच नव्हता, याचं आलं. टिपणीसबाईंनी मला जवळ ओढलं नाही. तसं त्यांना जमत नसावं. त्यांनी हातातला तो रुमाल मला नाक पुसायला दिला.

“आणि आपल्याला काय होईल?” मी विचारलं.

“आपल्याला काही होणार नाही. औषध आहे. पण ते आजच घ्यायचं, दोघींनी. इंजेक्शन असतं. मी एकटीने जायचं की तू येतेस सोबत?”

“आई रागावेल.”

“तू तुझं सांग, मी माझं सांगते. दोघींना मिळून काय रागवायचं ते रागवू दे.”

आई दुधाची पिशवी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी पायरीवर शेजारी शेजारी बसलो होतो. मी सांगितलं. आई मटकन खालच्या पायरीवर बसली, पिशवी तिच्या मांडीवरून घसरून फुटली आणि जिन्यावरून दूध वाहत गेलं. तिने तिकडे पाहिलंही नाही. ती टिपणीसबाईंकडे बघत होती. म्हणाली, “रिक्षा बोलावते.”

त्या मोठ्या रुग्णालयातली मला आता आठवतात ती लांबच लांब बाकं आणि फिनेलचा वास. डॉक्टरांनी माझा पाय पाहिला, आईला बरंच काही विचारलं. जखमेच्या आत इंजेक्शन द्यावं लागेल, दंडावर वेगळं, आणि मग पुन्हा पुन्हा यायला लागेल, असं सांगितलं. मग बाईंना विचारलं, “तुम्हाला काय झालं?”

“कोल्हा. तोच. काल संध्याकाळी,” बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मी जखमेतल्या इंजेक्शनचं ऐकून आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं. नर्स माझ्याकडे वळली तशा बाई मध्ये आल्या. “आधी माझं.” त्यांनी ब्लाउजची बाही वर केली, समोरच्या भिंतीकडे बघत सरळ उभ्या राहिल्या. आधी दंडात, मग हातावरच्या ओरखड्यांत सुई गेली. त्या हलल्या नाहीत.

“बघ,” मला म्हणाल्या. “आता तू.”

दुखलं. फार दुखलं. मी किंचाळले, पण पाय ओढून घेतला नाही. समोर त्या उभ्या होत्या आणि आम्ही दोघी एकाच बाजूच्या होतो.

दोनच दिवसांनी वनखात्याची माणसं आली. बातमी बाईंनीच दिली होती, हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. तांबू भिंतीच्या कडेला आडवा पडला होता, जाळी टाकली तरी त्याने धडपड केली नाही. बाई खाली येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या. “नेतायत त्याला. औषधपाणी करतील,” आई म्हणाली. बाई काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या प्रत्येक खेपेला आईला रजा मिळणं शक्य नव्हतं. मग बाईच मला न्यायच्या, नाहीतरी त्यांनाही जायचंच होतं. दर वेळी आधी त्यांचं, मग माझं. बाहेर पडलं की उसाचा रस. रस पिता पिता त्या कोर्टातल्या गमती सांगायच्या. एका साक्षीदाराने बकरी कुणाची हे सांगता सांगता तिच्या आजीपर्यंतची कुळी सांगितली आणि न्यायाधीश कसे झोपी गेले, आणि यांची बोटं टाइप करून कशी दुखली. मी एवढी हसले होते की रस नाकात गेला. मधेच कधीतरी त्यांच्या मोरीत प्लंबर येऊन गेला. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. माझ्या वाढदिवसाला आईने त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा ‘मालूमावशी’ म्हटलं. त्यांचं नाव मालिनी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

खरं काय ते आईने मला मी कॉलेजात गेल्यावर सांगितलं. तांबूला नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मेला होता. तपासणी झाली. त्याला रेबीज होता. निरोप तिला कामावर असताना मिळाला होता. “ते एकदा अंगात भिनलं ना वैजू, की कुणी वाचत नाही. कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही राहत नाही,” ती म्हणाली. “मी तर पेडल म्हणून झोपून गेले होते.”

मी तशीच वर गेले आणि मालूमावशीच्या पाया पडले. ती वाटाणे सोलत होती. “ऊठ, ऊठ. माझ्या गॅलरीतून ते अंगण दिसतं म्हणून दिसलं. त्यात माझं कसलं कर्तृत्व? हे घे, सोल.”

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली.

गेल्या वर्षी मालूमावशीला मांजराने ओरबाडलं. तिच्याच लाडक्या, जिन्यातल्या मांजराने. आता तिला जिना उतरायला वेळ लागतो, कानांनी कमी ऐकू येतं, पण जीभ शाबूत आहे. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर अगदी तरुण मुलगा होता, नम्र.

“आजी, याआधी कधी रेबीजची लस घेतली होती का?”

“घेतलीय. पूर्ण.”

“कशासाठी? काय चावलं होतं?”

“काही नाही.”

“कोल्हा चावला होता,” मी मोठ्याने म्हणाले. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

मालूमावशीने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरकडे. डॉक्टरपुढे खोटं बोलायचं नाही, असा काहीतरी विचार तिने केला असावा.

“हिला चावला होता,” ती म्हणाली. “मला नाही.”

“मावशी, तुझ्या हातावर ओरखडे होते. मी पाहिलेत.”

“खवणीचे होते ते.”

“काय?”

“नारळाची खवणी गं. त्यावर हात घासला. तू दार उघडेनास, तुझी आई ऐकेना. तू ‘पेडल’ म्हणालीस आणि मी वर येऊन विचार करत बसले, हिला बोलतं कसं करायचं? कोर्टात इतकी वर्षं पाहिलं होतं, दटावून कुणी खरं बोलत नाही. आपल्यासारखा दुसरा भेटला की बोलतो.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं होतं.

“पण मग एवढी सगळी इंजेक्शनं?” मी विचारलं. “मी बोलले होते तुला खरं काय ते. तिथेच काम झालं होतं. रुग्णालयाच्या दारातून परत जायचंस.”

“आणि तू? जखमेत सुई घ्यायची होती तुला. पुढच्या खेपा होत्या. एकटीला कोण न्यायचं, कसं समजवायचं? ‘आपण दोघी’ म्हटल्यावर आलीस ना नीट?” तिने पदर सारखा केला. “एका लहान मुलीला खोटं सांगितलं, तर ते शेवटापर्यंत निभवायला नको?”

तिथे, त्या लहानशा खोलीत, एका परक्या मुलासमोर मी हुंदके देत उभी होते आणि ते हुंदके कसल्याच दुःखाचे नव्हते.

डॉक्टर घसा साफ करून म्हणाला, “आजी, एक सांगू? तुमचा पूर्ण कोर्स आधी झालाय, त्यामुळे आता फक्त दोनच डोस लागतील. जखमेतलं ते दुखरं इंजेक्शन तर लागणारच नाही.”

“काय म्हणतोय?” मालूमावशीने कानाला हात लावून मला विचारलं.

मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

“बघ बाई,” ती माझा हात थोपटत म्हणाली. “तुझे उपकारच झाले माझ्यावर.”